थोरलीने प्याला पुढे सारला

ही केस विसरून जावी असं मला पुष्कळदा वाटतं. पण तिच्यातली माणसं दर रविवारी चर्चमध्ये समोर येऊन बसतात, तर विसरणार कशी? आमच्या पुढच्याच बाकावर बसतात. नवरा, शेजारी त्याची बायको, आणि तिच्या पलीकडे तिची धाकटी जाऊ. मागे मी एकटा. माझी बायको गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या जागेवर मी माझा कोट ठेवतो, म्हणजे कोणी येऊन बसायला नको. खरं सांगतो, पुढच्या त्या नवऱ्याकडे बघून माझ्या पोटात दुखतं. बायको त्याला भजनाचं पान काढून देते, तो मान हलवतो. बस्स, एवढंच. पण मला जळायला तेवढं पुरतं.

नाव कोणाचंच सांगणार नाही. माझंही नाही. मी सातवी शिकलेला माणूस. नगर जिल्ह्यातून तरुणपणी बर्मिंगहॅमला आलो, फाउंड्रीत घाम गाळला, मग पोलिसात शिरलो. भरतीची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, तीही बायकोने रोज संध्याकाळी स्पेलिंग घोकून घेतलं म्हणून. कॉन्स्टेबल म्हणून लागलो आणि कॉन्स्टेबल म्हणूनच रिटायर झालो. माझ्यामागून आलेली पोरं इन्स्पेक्टर झाली. त्यांच्याकडे बघून तेव्हा जळायचो. आता त्याचं काही वाटत नाही.

केस माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली. एका केअर होममध्ये एक इंग्रज आजीबाई राहायच्या. त्यांच्या मेलेल्या नवऱ्याची अंगठी त्या अंगठ्यात घालायच्या, कारण बाकीच्या बोटांतून ती गळून पडायची. एके दिवशी अंगठी नाहीशी झाली. होमच्या मॅनेजरने तक्रार दिली. अशा तक्रारी आमच्याकडे पुष्कळ यायच्या. बहुतेक वेळा वस्तू उशीच्या अभ्र्यात सापडायची नाहीतर लाँड्रीत. आम्ही नोंद घेतली आणि वाट बघितली.

मग फोन आला. स्टेशनच्या काउंटरवर, रस्त्यावरच्या बूथमधून. बाईचा आवाज, तुटक इंग्रजी. आजीबाईंची अंगठी होममधल्या त्या नव्या इंडियन सीनियर केअररच्या घरी आहे, स्वयंपाकघरात बघा, धान्याच्या डब्यांत. नाव विचारलं तर फोन ठेवून दिला.

ही सीनियर केअरर म्हणजे आमच्या मराठी मंडळीत येणारी एक बाई. मी सार्जंटला आधीच सांगितलं, "सार्ज, ही बाई माझ्या चर्चला येते."

तो म्हणाला, "मी पकडतो ते अर्धे लोक माझ्या पबमध्ये येतात. नात्यातली आहे का?"

"नाही."

"मग चल."

वॉरंट घेऊन आम्ही गेलो. बाईने दार उघडलं, हातात पीठ. आम्ही काय शोधतोय ते ऐकून ती म्हणाली, "शोधा की, साहेब." तिला बहुतेक हसूच येत होतं. माझ्याबरोबरच्या इंग्रज कॉन्स्टेबलने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक डबा उलटा केला. तांदूळ, साखर, शेंगदाणे. तूरडाळीच्या डब्यातून अंगठी टणकन पडली.

बाईचं हसू गेलं. ती अंगठीकडे बघत नव्हती, डब्याकडे बघत होती. बघता बघता तिचं तोंड असं उतरलं, की मी मनात म्हटलं, झालं, सापडली चोर. चोर सापडल्यावर असंच तोंड होतं, हे मी आयुष्यभर बघितलेलं.

तिला अटक झाली. कस्टडी सार्जंटने नोंद केली, वकील आला, रेकॉर्डिंग सुरू झालं. मी बजावणी वाचली, की बोलायची सक्ती नाही, पण जे बोलाल ते पुराव्यात येईल. वकिलाने तिला गप्प राहायला सांगितलं असणार, पण ती गप्प राहिली नाही. एकच वाक्य बोलत राहिली. "मी घेतली नाही."

"मग डाळीत कशी आली?"

"मला माहीत नाही."

"तुमच्या घराची किल्ली आणखी कोणाकडे आहे?"

इथे ती थांबली. वकिलाकडे नाही, टेबलाकडे बघितलं. "कोणाकडे नाही."

खोटं बोलली. माणूस खोटं बोललं की मला कळतं, ते शिकायला शाळा लागत नाही. पण ही कोणासाठी खोटं बोलतेय, ते मला कळलं नाही. मी समजलो, स्वतःसाठीच.

तिच्यावर काय येऊन पडलं होतं ते सांगतो. तिचा व्हिसा त्या नोकरीवर होता. होमने तिला घरी बसवलं, चौकशीची तारीख ठरवली. चोरी शाबित झाली तर नोकरी जाणार, व्हिसा जाणार, आणि तिच्याबरोबर आलेल्या नवऱ्यालाही सामान बांधावं लागणार. गावाकडे परत जायचं, तेही चोर म्हणून. आम्ही तिला जामिनावर सोडलं. स्टेशनबाहेर तिचा नवरा उभा होता.  दोघं बसस्टॉपकडे चालत गेले.

आता तिच्या जावेबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

थोरली जाऊ इथे पुष्कळ वर्षांपासून. त्याच केअर होममध्ये साधी केअरर. म्हाताऱ्यांना आंघोळ घाल, चादरी बदल, भरव. तिची सासू लवकर वारली, त्यामुळे इथे येण्याआधी गावाकडे धाकट्या दिराला तिनेच वाढवलं. स्वतःच्या पोरासारखं. त्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्या बायकोला इथे नोकरी मिळावी म्हणून मॅनेजरच्या मागे लागणारी हीच. धाकटी मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली. आली, आणि थोड्याच महिन्यांत सीनियर झाली. शिफ्टचा रोटा तीच लावायला लागली. कोणी कुठल्या मजल्यावर जायचं ते थोरल्या जावेला धाकटी सांगणार! मंडळीत सणाला एकटीने भजन म्हणायचा मान थोरलीचा होता, तोही धाकटीकडे गेला, कारण तिचा गळा गोड. हे सगळं थोरलीने तोंड हसरं ठेवून गिळलं. बायका म्हणायच्या, "काय नशीबवान आहेस गं, जाऊ की बहीण!" ती म्हणायची, "बहीणच."

अंगठी सापडल्याची बातमी आमच्या मंडळीत सगळ्यांना लागली. केसबद्दल घरी बोलायचं नाही हा नोकरीचा नियम, आणि मी तो पाळायचो. पण बायकोला बाहेरूनच कळलेलं. संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "अहो, डाळीत सापडली म्हणतात, खरं का?"

"मी काही बोलणार नाही."

"नका बोलू. मी बोलते, तुम्ही जेवा. डाळीत सोनं ठेवणं हे चोराचं काम नाही, हे सासूचं काम आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या आई कुठे ठेवायच्या? डाळीच्या डब्यात. मी नवी नवरी असताना मला आधी चूल नाही दाखवली, डबा दाखवला. आजकालच्या पोरी सोनं डाळीत ठेवत नाहीत, ठेवायला असतं कुठे एवढं! ती पोर नर्सिंग शिकलेली. तिला चोरी करायचीच असती तर कपाटात नाहीतर पर्समध्ये ठेवली असती. डाळ सुचली ती कोणातरी सासूच्या हाताखाली राबलेल्या बाईला. आणि धाकटीने सासू बघितलीसुद्धा नाही."

मी भाकरी तशीच हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सार्जंटला सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे आता तुझ्या बायकोच्या सासूचा जबाब घ्यायचा का?"

"ती वारली, सार्ज."

"मग तर अवघड आहे." पण माणूस चांगला होता. म्हणाला, "थोरलीला साक्षीदार म्हणून भेटून या. किल्लीचं विचारा. जास्त काही नाही."

आम्ही दोघं गेलो. थोरलीने चहा केला. चकल्या पुढे ठेवल्या. माझ्याबरोबरच्या इंग्रज पोराला दुसऱ्यांदा चहा दिला, स्वेटर कुठून घेतला म्हणून विचारलं. धाकटीचं कौतुक तर किती! "आमची पोर तशी नाही हो दादा. हातून झालं असेल काहीतरी, मोहाचा क्षण असतो. तिला सांभाळून घ्या."

किल्ली आहे का विचारलं तर म्हणाली, "होती कधीतरी. आता कुठे आहे आठवत नाही."

इतकी वर्षं लोकांच्या दारात उभा राहून मी एक शिकलो. घरच्या माणसावर खोटा आळ आला तर लोक पोलिसांवर खेकसतात. चहा देत नाहीत. ही बाई आमच्याशी फार गोड वागली. आणि "हातून झालं असेल" म्हणाली. तसं आमच्यापाशी दुसऱ्या कोणीच म्हटलं नव्हतं. पण गोडपणा कोर्टात चालत नाही. फोन केलेला बूथ होमच्या बसस्टॉपजवळचा, तिथून निम्मा स्टाफ घरी जातो. अंगठीवर ठसे पुसट. आमच्या हातात काहीच नव्हतं. फाइल सरकारी वकिलाकडे गेली असती तर धाकटीवरच आरोप लागला असता.

मग महिन्याचा पहिला रविवार आला.

आमची मंडळी इंग्रज चर्चचा हॉल भाड्याने घेते. दुपारी त्यांचं आटपलं की आमची उपासना. पाळक तरुण, पुण्याकडचा, आठवडाभर बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो आणि रविवारी उपदेश. पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे छोटे प्याले बाकांवरून हातोहात फिरतात. पण त्याआधी आमच्यात एक रीत आहे. पाळक थांबतो आणि म्हणतो, ज्याचं कोणाशी काही असेल त्याने आता उठून त्याच्याकडे जावं. शास्त्रातच आहे ते, की अर्पण राहू दे, आधी भावाशी समेट कर. इंग्रज लोक हे वाक्य वाचतात आणि पुढे जातात. आमचे लोक खरोखर उठतात. कोणी पार्किंगवरून भांडलेलं असतं, कोणी कोणाच्या पोराला बोललेलं असतं. उठायचं, हात धरायचा, चुकलं म्हणायचं, बसायचं. मनात किल्मिष ठेवून प्याला घ्यायचा नाही, हे आमच्या हाडात बसलेलं. माझ्या आईने एकदा वर्षभर प्याला घेतला नव्हता, विहिरीवरच्या एका भांडणापायी.

त्या दिवशी धाकटी उठली.  लोकांना वाटलं, आता ही सगळ्यांसमोर चोरी कबूल करणार. ती पुढच्या बाकावर गेली, थोरलीसमोर वाकली, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही."

बस्स. एवढंच बोलून जागेवर गेली.

थोरली हलली नाही. हात तसेच मांडीवर उघडे राहिले, जसे धाकटीने सोडले तसे. भाकरीचं ताट आलं. तिने ते न बघता नवऱ्याकडे दिलं. प्याले आले. तेही तिने पुढे सारले.

बायकोने मला कोपराने ढोसलं. "बघितलंत?"

"बघितलं."

"धाकटीला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंगठी पडली तेव्हा ती डब्याकडे का बघत होती, किल्लीच्या प्रश्नाला खोटं का बोलली. डाळ बघितल्याबरोबर तिला कळलं होतं, सोनं असं ठेवणारी घरात एकच. आणि तिने तोंड उघडलं नव्हतं, कारण जिने तिच्या नवऱ्याला वाढवलं तिचं नाव पोलिसांत द्यायला तिची जीभ रेटत नव्हती. स्वतःचा व्हिसा जाऊ द्यायला निघाली होती.

उपासना संपली. बायको मागच्या किचनमध्ये प्याले विसळत होती. मी हॉलमध्ये खुर्च्या रचत होतो. थोरली किचनमध्ये गेली. आतून रडण्याचा आवाज आला, आणि मग बायकोचा.

"मला सांगून काय उपयोग बाई? माझा नवरा बाहेर आहे, त्याला सांगा. सांगायचंच नसेल तर मला तरी कशाला सांगितलं?"

थोरली बाहेर आली. पदराने तोंड पुसत माझ्यासमोर उभी राहिली. "दादा, ती अंगठी..."

"थांबा," मी म्हटलं. "इथे एक शब्द बोलू नका. मी पोलीस आहे. तुम्ही बोलाल ते मला लपवून ठेवता येणार नाही. उद्या स्टेशनला या, वकील घ्या, मग बोला."

एवढ्यात पाळक आला. त्याला आधीच माहीत होतं. तिने गेल्याच आठवड्यात त्याच्यापाशी कबूल केलेलं. त्याने मला बाजूला घेतलं.

"दादा, त्यांनी प्रभूपाशी पश्चात्ताप केलाय. प्रभूने त्यांचं पाप पुसलंय. आपण काळजी घ्यायला हवी. त्यांची नोकरी, घर..."

"पुसलं असेल," मी म्हटलं. "पण धाकटीच्या नावावर अजून लिहिलेलं आहे ना? देवापाशी कबूल केलं ते चांगलंच केलं. पण पाळकसाहेब, देवाचा व्हिसा जाणार नाहीये."

तो लाल झाला. "तुम्ही पोलिसासारखं बोलताय."

"आणि तुम्ही वकिलासारखं."

थोरली ऐकत होती. ती पाळकाला म्हणाली, "साहेब, तुम्ही म्हणालात तसं मी रोज प्रार्थना केली. झोप नाही आली. देवाने माफ केलं असेल, पण आज तिने माझे हात धरले तेव्हा मला जाळून टाकल्यासारखं झालं. मी उद्या जाते."

सोमवारी सकाळी ती नवऱ्याला घेऊन आली. मी तिचा जबाब घेतला नाही. माझी ओळख आता फार जवळची झाली होती, सार्जंटनेही तेच म्हटलं. दुसऱ्याने घेतला, दुभाषी बोलावून. वकिलाने तिला गप्प राहायचा सल्ला दिला. ती म्हणाली, "गप्प राहूनच इथवर आले." पुढे रेकॉर्डिंग मी ऐकलं, म्हणून सांगू शकतो.

अंगठी तिने चोरली नव्हती. आजीबाईंची चादर बदलताना तिला सापडली. द्यायलाच निघाली होती. दारात पोचली, तर आत आजीबाई दुसऱ्या एका केअररला विचारत होत्या, "ती नवी कधी येते? तिचा हात मऊ आहे." कितीतरी वर्षं त्या आजीबाईंचे केस थोरलीने विंचरलेले. अंगठी मुठीत होती. मूठ उघडलीच नाही, असं ती म्हणाली.

"मग पुढे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पुढे मी म्हटलं, उद्या देईन. मग म्हटलं, शोधू दे त्यांना जरा, कळू दे माझी किंमत. मग आजीबाई रडायला लागल्या, आणि आता द्यायला गेले तर मलाच चोर म्हणतील. मग मनात आलं, तिला म्हणू देत. माझ्याकडच्या किल्लीने तिचं दार उघडलं, अंगठी डाळीत टाकली, आणि बूथवरून फोन केला."

ती पुढे बोलली ते मी कधी विसरलो नाही. "साहेब, तिचं वाईट व्हावं असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, जरा न्याय व्हावा. मी आधी आले, मी जास्त केलं. मला काही चुकीचं करतेय असं वाटत नव्हतं."

आयुष्यात मी चोर बघितले, दारुडे बघितले, बायकोला मारणारे बघितले. दारुड्याला ठाऊक असतं आपण प्यायलोय. हेवा करणाऱ्याला ठाऊक नसतं. हेवा मनात येतो तो न्यायाधीशाचा झगा घालून येतो. म्हणून हे पाप सगळ्यात उशिरा सापडतं.

जबाब संपवून ती बाहेर आली. नवऱ्याच्या मांडीवर तिचा कोट होता. त्याने तो तिच्या खांद्यावर घातला. काउंटरवरच्या पोरीने तिला चहा दिला, बशीत बिस्किटं. तिने बिस्किटं चहात बुडवून सगळी खाल्ली. नवऱ्याला म्हणाली, "चव लागली बघ आज." नोकरी गेली, कोर्ट पुढे, तुरुंगही असू शकतो, आणि बाई बिस्किट खातेय! माझ्याबरोबरच्या पोराला वाटलं, हिला काही लाज नाही. मला तसं वाटलं नाही.

धाकटीवरची केस मागे घेतली. होमने तिला परत बोलावलं, व्हिसा वाचला. थोरलीने कोर्टात गुन्हा कबूल केला. तुरुंगाची शिक्षा झाली पण स्थगित, आणि वर पार्कमध्ये बिनपगारी काम. केअरचं काम तिला पुन्हा कोणी दिलं नाही. ती हॉटेलच्या लाँड्रीत लागली.

लोकांना वाटतं, चर्चचे लोक आहेत, गळ्यात पडून रडले आणि संपलं. तसं काही झालं नाही. धाकटीने माफ केलं होतं, पण किल्ली परत मागून घेतली. एकदा मला म्हणाली, "दादा, माफ करणं सोपं होतं. त्यांच्या हातचं जेवणं अवघड गेलं." पुष्कळ महिने ती थोरलीकडे जेवली नाही. तिचा नवरा मधल्यामध्ये वाळला. मग एका सणाला थोरलीने डबा पाठवला नाही, स्वतः गेली आणि धाकटीच्या ओट्यापाशी उभी राहून विचारलं, "पोळ्या लाटू का?" धाकटीने पोळपाट सरकवला. समेट झाला तो असा.

आजीबाईंनी मात्र माफ केलं नाही. थोरलीने मॅनेजरची परवानगी काढून त्यांची भेट घेतली. आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी रडत होते आणि तू माझे केस विंचरत होतीस. नाही." तशाच वारल्या. मी थोरलीला विचारलं, "मग मनाला टोचत नाही का?" ती म्हणाली, "दुःख आहे, दादा. टोचत नाही. माझ्याकडे लपवलेलं काही उरलं नाही. त्यांनी नाही म्हणायचं, तो त्यांचा हक्क."

ह्या केसने मला काय शिकवलं, तर हेच. पाळक लोक स्वच्छ मन म्हणतात ते देवापाशी सुरू होतं हे मला मान्य आहे. पण ते तिथेच ठेवून चालत नाही. ज्याचं मोडलं त्याच्या दारात जावं लागतं, आणि तो दार उघडेल याची हमी नसते. तरी जायचं. आमच्या इंटरव्ह्यू रूममध्ये मी पुष्कळ लोकांना कबुली देताना बघितलं. सुटकेसाठी कबूल करणारे बाहेर जाऊन पुन्हा तेच करायचे. ही बाई शिक्षा होईल हे माहीत असून आली होती. तिचं वेगळं होतं.

आता माझं. बायको गेल्यापासून मी कोणाकोणावर जळतो ते लिहायला लाज वाटते. बसमध्ये बायकोच्या पिशव्या धरून बसलेले म्हातारे. सुपरमार्केटात कुठलं दूध घ्यायचं यावरून भांडणारी जोडपी. पाळकाची बायको त्याचा टाय नीट करते ते. आणि सगळ्यात जास्त थोरलीचा नवरा. माझ्याही मनात तोच न्यायाधीश बसलाय. म्हणतो, तिने एवढं केलं तरी ती जिवंत, त्याच्या शेजारी बसलेली, आणि माझीने कोणाचं काय वाईट केलं होतं? ही कसली वाटणी? मी देवाला हे तोंडावर विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

मागे थोरलीलाच विचारलं. दुसरं कोणाला विचारणार? "तुमचा तो हेवा गेला कसा?"

ती हसली. "जातो कुठे, दादा? अजून रोज सकाळी येतो. धाकटीला परवाच बढती मिळाली, तेव्हाही आला. मी त्याला आत घेऊन चहा देत नाही, एवढंच."

मी मात्र त्याला रोज चहा देत होतो. खुर्ची देत होतो. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसवत होतो.

म्हणून गेल्या आठवड्यात मी तिच्या नवऱ्याला फोन केला. पोलिसाची सवय, आडवळण जमत नाही. म्हटलं, "तुमची बायको जिवंत आहे याचा मला राग येतो. तुमच्याकडे बघवत नाही मला. सांगून टाकलं."

तो म्हणाला, "बरं केलंत सांगितलं. मला वाटत होतं, मी तुमचं काय बिघडवलंय. शनिवारी जेवायला या. ती दिवसभर माझ्यावर कशी ओरडते ते ऐका, निम्मा हेवा तिथेच जाईल."

गेलो. ती खरंच ओरडली. मीठ कमी आणलं म्हणून, टीव्हीचा आवाज मोठा म्हणून, पाहुण्यासमोर फाटका स्वेटर घातला म्हणून. तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मला वांग्याची भाजी तिसऱ्यांदा वाढली. निघताना तिने त्याला तो फाटका स्वेटर काढून ठेवायला लावला, मला बसस्टॉपवर पोचवायला जायचं म्हणून दुसरा दिला, आणि तो मुकाट्याने तो घालायला लागला. ते बघून पुन्हा पोटात दुखलं. हेवा कमी झाला नाही. पण घरी येऊन पडलो आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला सरळ झोप लागली.